जुने बैठे खेळ: आजही मनापासून खेळावेत असे कोणते?

दांडियाबाजारकर (वडोदरा)

नमस्कार.

आमच्या सोसायटीत आठ-दहा मराठी कुटुंबे आहेत आणि महिन्यातून एकदा रात्रीच्या जेवणानंतर आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो. यंदाची कोजागिरी आटीव दूध पिऊन दहा वाजता आटोपती न घेता खरोखर जागवायची, आणि ती बैठ्या खेळांनी जागवायची, असे सर्वांनी ठरवले आहे. कोजागिरीच्या रात्री अक्षक्रीडा, म्हणजे फाशांचे खेळ, करावी असे व्रतविधीतच सांगितलेले असल्यामुळे घरातील ज्येष्ठांनीही ही कल्पना लगेच उचलून धरली. खेळ निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि त्यासाठी आपणा सर्वांची मदत हवी आहे.

खेळणाऱ्यांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींपर्यंत सगळे असतील. मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि दोन घरांतील सुना गुजराती आहेत, त्यामुळे मराठी शब्दांवर आधारलेले खेळ या वेळी बाजूला ठेवावे लागतील. बारीक अक्षरे सर्वांनाच वाचता येतील असे नाही. माणसे पंधरा-वीस असतील, म्हणजे तीन-चार गट सहज होतील.

माझा प्रश्न आठवणींपुरता नाही, हे आवर्जून सांगतो. ‘लहानपणी आम्ही हे खेळत होतो’ एवढ्याच कारणासाठी एखादा खेळ कपाटातून काढला, तर अर्ध्या तासात मुले मोबाइलकडे आणि मोठी माणसे गप्पांकडे वळतात, असे पूर्वीच्या बैठकींत दिसले आहे. लुडो आणि सापशिडी लवकर फिकी पडली. व्यापार मध्यरात्रीपर्यंत रेंगाळला आणि ज्यांचे दिवाळे आधी निघाले ते नुसते बसून राहिले. म्हणून मला असे जुने खेळ हवे आहेत, निदान चाळीस वर्षांपूर्वीपासून खेळले जाणारे, ज्यांत प्रत्येक खेपेला खेळणाऱ्याला काही तरी ठरवावे लागते आणि ज्यांत डाव संपेपर्यंत प्रत्येकाला आपण खेळात आहोत असे वाटते. असे खेळ कोणते, आणि ते नीट खेळायचे कसे?

रावपुरा निवासी (वडोदरा)

आपला प्रश्न आवडला. आपण लुडोची निराशा सांगितलीत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो, कारण लुडो ज्या खेळातून निघाला तो खेळ फिका मुळीच नाही.

लुडोचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतले गेले आणि त्याचा आधार आपली पचिशी हा होता. मुलांना सोपा जावा म्हणून कवड्यांच्या जागी एक फासा आला, भिडू गेले, चौघे सुटे झाले, आणि विचार करण्याच्या बहुतेक जागा त्याबरोबर नाहीशा झाल्या. पचिशीच्या किंवा सारीपाटाच्या पटाला चार बाहू असतात, प्रत्येक बाहूत आठ-आठ घरांच्या तीन ओळी असतात, म्हणजे मधला चौक सोडून एकूण ९६ घरे होतात. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात आणि दोघांच्या मिळून आठही सोंगट्या घरी पोहोचल्याखेरीज डाव जिंकता येत नाही. या एका नियमाने सगळा खेळ बदलतो. माझ्या चारही सोंगट्या पुढे निघून गेल्या आणि भिडूच्या दोन मागे अडकल्या, तर माझी घाई आमच्या दोघांच्याही अंगाशी येते, कारण आता त्याच्या मागे राहिलेल्या सोंगट्यांना सोबत करायला आणि प्रतिपक्षाला धाकात ठेवायला पटावर माझे कोणीच उरत नाही.

जुन्या रीतीत याखेरीज आणखी दोन मुभा आहेत. पडलेले दान सोयीचे नसेल तर ते न चालता सोडून देता येते. शिवाय घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी आत न नेता पुन्हा एका फेरीला पाठवता येते, आणि ती कशासाठी पाठवायची, तर मागे राहिलेल्या भिडूच्या मदतीसाठी. फुल्या काढलेली बारा घरे सुरक्षित असतात, तिथे सोंगटी मारली जात नाही. त्यामुळे दान पडले की ‘कोणती सोंगटी चालू, की काहीच चालू नको’ हा प्रश्न दर खेपेला उभा राहतो, आणि दोघा भिडूंनी डोळ्यांनी खाणाखुणा न करता तो सोडवायचा असतो. हा खेळ आपल्या गटातील चार ज्येष्ठांपुढे मांडून पाहावा. मुले आपोआप भोवती जमतील.

मुलांसाठी मात्र पहिली निवड म्हणून मी चार कवड्यांचा खेळ सुचवीन. आपल्या गुजराती सुनांना तो ‘इस्टो’ या नावाने नक्की माहीत असेल आणि माळव्यातील मंडळी त्याला ‘अष्टा-चंगा’ म्हणतात. पाच बाय पाच घरांची चौकट, चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यावर फुली, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, एरवी जितक्या उताण्या तितके दान. चार किंवा आठ पडले तर पुन्हा खेळायचे. सोंगट्या बाहेरच्या रांगेतून फिरतात आणि प्रतिपक्षाची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत शिरता येत नाही. खेळाचा जीव या शेवटच्या नियमात आहे, कारण तो कोणालाही भित्रेपणाने खेळू देत नाही.

हा खेळ नशिबाचा वाटतो, म्हणून एक हिशेब मांडून दाखवतो. कवडी दोन्ही अंगांनी सारखीच पडते असे धरले, तर चार कवड्यांच्या सोळा शक्य रचनांपैकी सहांत दोनाचे दान येते, चारांत एकाचे, चारांत तिनाचे, आणि चार व आठ ही दाने सोळांत प्रत्येकी एकदाच येतात. म्हणजे प्रतिपक्षाच्या सोंगटीपुढे बरोबर दोन घरांवर थांबणे सर्वांत धोक्याचे आणि चार घरांवर थांबणे त्या मानाने पुष्कळ निर्धास्त. खरी कवडी नाण्यासारखी सम नसते, त्यामुळे आपल्या हातातील चार कवड्या कोणत्या अंगाला जास्त कलतात हे खेळता खेळता ओळखणे हेही कौशल्यच आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे एकदा पटावर बोट ठेवून समजावले, की पुढच्या डावापासून तो सोंगटी चालण्यापूर्वी घरे मोजू लागतो. त्या क्षणी खेळ त्याचा होतो.

कवड्या मांडवीकडे पूजेचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. नाही मिळाल्या तर चिंचोके घ्यावेत, दगडावर घासून त्यांच्या एका बाजूचे काळे साल काढावे, म्हणजे आतली पांढरी बाजू निघते आणि दान लांबूनही स्पष्ट दिसते. आजींच्या दृष्टीने ही सोय कवड्यांपेक्षाही चांगली आहे. पट खडूने फरशीवर काढला तरी चालतो, पण जाड कापडावर घरे मोठी शिवून घेतली तर तो वर्षानुवर्षे टिकेल.

निजामपुऱ्याची वाचक (वडोदरा)

सोंगट्यांविषयी वर इतके चांगले लिहिले गेले आहे की मी फक्त पत्त्यांविषयी लिहिते. पंधरा-वीस माणसांत दोन गट तरी पत्त्यांचे असावेतच, कारण श्रावणात सातम-आठमला, म्हणजे जन्माष्टमीच्या सुमारास, गुजराती घरांतून पत्त्यांचे डाव रंगतात आणि आपल्या दोन्ही सुनांना त्याची सवय असणार. मराठी घरांतील मेंढीकोट आणि गुजराती घरांतील मिंडी हे जवळजवळ एकच असल्याने त्यांना शिकवावे लागणार नाही, उलट त्याच बाकीच्यांना शिकवतील.

मेंढीकोटाचा मला फार आदर वाटतो, कारण नियम पाच मिनिटांत सांगून होतात आणि खेळ मात्र शेवटच्या हातापर्यंत ताणून धरतो. चौघे जण, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. हात किती जमले याला दुय्यम महत्त्व आहे. मोल आहे ते चार दश्श्यांना. तीन किंवा चार दश्श्या ज्या जोडीकडे जातील ती जिंकते, आणि दोन-दोन झाल्या तर सात किंवा अधिक हात करणारी जोडी जिंकते. चारही दश्श्या एकीकडे गेल्या की मेंढीकोट. दश्शी एक्का, राजा, राणी, गुलाम या चौघांच्याही खाली असल्यामुळे ती स्वतःच्या बळावर क्वचितच वाचते, तिला कोणी तरी सांभाळून न्यावे लागते. भिडूने बदामाचा एक्का उतरला आणि आपल्या हातात बदामाची दश्शी असली, तर ती त्याच्या एक्क्यावर ताबडतोब टाकायची की राजा-राणी पडून जाण्याची वाट पाहायची? उजवीकडच्या प्रतिपक्षाने आधीच बदाम संपवले असतील तर तो त्याच हाताला हुकूम मारून एक्का आणि दश्शी दोन्ही उचलून नेईल. म्हणून कोणाकडचे कोणते रंग संपले हे पहिल्या पानापासून लक्षात ठेवावे लागते.

हुकूम ठरवण्याच्या दोन रीतींपैकी मी कट हुकमाची शिफारस करीन. त्यात हुकूम आधी ठरलेला नसतो. चालू रंगाचे पान ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. त्यामुळे एखाद्या रंगाचे एकच पान हातात असले, तर ते लवकर खेळून रंग संपवावा आणि हुकूम आपल्या मर्जीचा करावा, की थांबावे, हा विचार पहिल्या हातापासून सुरू होतो. बंद हुकमात, म्हणजे एक पान पालथे ठेवून त्याचा रंग हुकूम धरण्यात, गुप्तपणाची मौज आहे, पण नवख्यांना कट हुकूम लवकर कळतो.

तिघेच उरले तर पाच-तीन-दोन घ्यावे. तीस पाने लागतात: अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंग आणि दोन सत्त्या. तिघांना दहा-दहा पाने आणि प्रत्येकाला ठरलेले हात करायचे असतात. ज्याचे हात कमी पडतील त्याच्याकडून जास्त हात करणारा पुढच्या डावात तितकी पाने ओढतो, त्यामुळे एका डावाचा हिशेब दुसऱ्या डावात चुकता होतो आणि कोणालाही उठावेसे वाटत नाही.

पत्ते मुरलेले चौघे असतील तर त्यांना तीनशे चार द्यावे. त्यात गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३ आणि राणी २ गुणांची, म्हणजे एका रंगाचे ७६ आणि चारही रंगांचे ३०४. राजा-राणी इतकी खाली आणि गुलाम सर्वांच्या वर, हे मुलांना विलक्षण वाटते. मात्र यात बोली लावावी लागते आणि ती शिकवायला वेळ जातो, म्हणून नवख्या गटात हा खेळ त्याच रात्री सुरू करू नये.

लहान मुले आणि आजी एकत्र बसणार असतील तर बदाम सात. तो पोरखेळ समजला जातो, हे मला मान्य नाही. हातातील सत्ती किंवा अठ्ठी अडवून धरून समोरच्याची पूर्ण रांग रोखता येते आणि त्याच वेळी आपलीही पाने त्यामागे अडकतात; किती वेळ अडवायचे याचा अंदाज घेणे चांगल्या खेळाडूचे लक्षण आहे. पत्ते मोठ्या आकड्यांचे मिळतात, ते घ्यावेत. आणि गुण मोजायला पैसे ठेवू नयेत, चिंचोके ठेवावेत. मुलांच्या देखत पैशांचा डाव मांडला की खेळाकडे पाहण्याची नजरच बदलते.

दांडियाबाजारकर (वडोदरा)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. इस्टो आणि मेंढीकोट निश्चित केले. एक अडचण मात्र कायम आहे: मोठ्या मुलांचा व्यापारासाठी हट्ट आहे आणि त्यांना सरळ नकार देणे मला योग्य वाटत नाही. तो कमी वेळात आणि सर्वांना गुंतवून खेळता येतो का?

फतेगंजचा खेळगडी (वडोदरा)

येतो, पण त्यासाठी तो त्याच्या मूळ नियमांनी खेळायला हवा. आपल्याकडचा व्यापार हा मोनोपॉलीवरून बेतलेला आहे. मोनोपॉलीचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली पेटंट घेतलेल्या खेळात आहे. जमीन एकाच्या हाती साठत गेली की बाकीच्यांचे काय होते हे लोकांना पटावर दिसावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३५ साली मोनोपॉली बाजारात आणली आणि तिची अनेक देशी रूपे निघाली. ती घरोघरी पोहोचली तेव्हा छापील नियमपत्रिका बहुधा कोणी वाचली नाही, आणि खेळ रेंगाळतो तो त्यामुळेच.

सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित नियम लिलावाचा आहे. एखाद्या रिकाम्या जागेवर आलेल्या खेळाडूने ती घ्यायला नकार दिला, तर बँकेने त्या जागेचा तिथल्या तिथे लिलाव करायचा असतो. बोली कोणीही लावू शकतो, नकार देणाराही. बहुतेक घरांत नकार आला की पुढचा फासे उचलतो, जागा तशीच पडून राहते, आणि सगळी शहरे विकली जाईपर्यंत तास-दीड तास निघून जातो. लिलाव सुरू केला की जागा फार लवकर संपतात, आणि प्रत्येक खेळाडूचे लक्ष दुसऱ्याच्या खेळीवरही राहते, कारण कोणत्या क्षणी स्वस्तात काय हाती लागेल हे सांगता येत नाही. एखाद्याकडे रोकड कमी आहे हे ओळखून मुद्दाम नकार द्यायचा आणि त्याच जागेवर कमी बोलीत हक्क सांगायचा, ही चाल बारा वर्षांची मुलेही एका डावात आत्मसात करतात.

दुसरे असे की दंड आणि कराचे पैसे पटाच्या मध्ये साठवून कोणाला तरी बक्षीस देण्याची प्रथा मूळ नियमांत नाही. त्या पैशाने बुडणारा तरतो, डाव मात्र लांबतो. तिसरे, मूळ संचात घरे ३२ आणि हॉटेले १२ एवढीच असतात आणि ती संपली की नवीन मिळत नाहीत. तेव्हा घरांऐवजी चिठ्ठ्या वापरू नयेत, कारण टंचाई हाही खेळाचाच भाग आहे. एवढे करूनही कोणाचे दिवाळे लवकर निघू शकते, म्हणून माझी सूचना अशी की घड्याळ लावून दीड तासाने डाव थांबवावा आणि रोकड, जागा व घरे यांची बेरीज करून विजेता ठरवावा. मग शेवटच्या पंधरा मिनिटांत गहाण टाकलेली जागा सोडवायची की नाही यावरही चांगला खल होतो.

मोठ्या मुलांना खरोखर बांधून ठेवणारा आणखी एक खेळ सुचवतो. ‘स्कॉटलंड यार्ड’ हा खेळ जर्मनीत १९८३ साली आला आणि त्याच वर्षी तिथला मानाचा वार्षिक खेळ-पुरस्कार त्याला मिळाला, म्हणजे आपल्या चाळीस वर्षांच्या अटीत तो बसतो. लंडनच्या नकाशावर १ ते १९९ क्रमांकांची ठाणी आहेत. एक जण फरारी होतो आणि बाकीचे सगळे मिळून त्याला पकडतात. फरारी आपले ठिकाण कागदावर लिहून झाकून ठेवतो. तो टॅक्सीने गेला, बसने गेला की भुयारी रेल्वेने, एवढेच बाकीच्यांना कळते, आणि ठरावीक खेपांनाच, म्हणजे तिसऱ्या, आठव्या, तेराव्या, अठराव्या वेळी, त्याला प्रकट व्हावे लागते. प्रत्येक शोधकर्त्याकडे टॅक्सीची १०, बसची ८ आणि रेल्वेची ४ तिकिटे असतात आणि वापरलेले तिकीट फरारीच्या हाती जाते, त्यामुळे उगाच धावाधाव करणे महागात पडते.

आपल्या गटाला तो का योग्य, तर त्यात एका बाजूचे सगळे जण मोठ्याने बोलून एकत्र ठरवतात. ज्या आजींना नकाशावरचे आकडे दिसत नाहीत त्याही ‘तो बसने गेला आहे, म्हणजे नदीच्या या बाजूलाच असणार’ असा तर्क करू शकतात, आणि अनेकदा तो बरोबर निघतो. फरारी मात्र शांत स्वभावाच्या माणसाला करावे. नकाशाकडे पाहताना डोळे आपल्या ठाण्यावर रेंगाळू न देणे प्रत्येकाला जमत नाही.

रामबाग (इंदूर)

इंदूरहून लिहितो आहे. वरील सूचना उत्तम आहेत, तरी ‘प्रत्येक खेपेला निर्णय हवा’ ही मूळ प्रश्नातील अट थोडी सैल करावी असे मला मनापासून वाटते. बैठकीत नऊ वर्षांचे मूल आणि पंचाहत्तरीच्या आजी यांना एकाच पटावर समोरासमोर आणायचे असेल, तर निव्वळ बुद्धीच्या खेळात त्यातील एक जण सतत हरणार. नशिबाचा भाग तिथे दोघांना एका पातळीवर आणतो. वडोदऱ्याच्या सन्मित्रांनी मांडलेला कवड्यांचा हिशेब मला आवडला तो त्यामुळेच, कारण त्या खेळात विचाराला जागा आहे आणि दानालाही.

सापशिडी आपण फिकी म्हणून सोडलीत. तिच्यात निर्णय नाही हे खरे. पण १८९२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ती मुलांचा खेळ होऊन अवतरली, त्यापूर्वी आपल्याकडे ती ज्ञानचौपड किंवा मोक्षपट या रूपात होती आणि तेव्हा तिचे प्रत्येक घर बोलके होते. जैन पटांत बहुधा ८४ घरे असत, वैष्णव पटांत ७२. घरांवर सद्गुण, दुर्गुण, लोक आणि अवस्था यांची नावे लिहिलेली असत. गुजरातेत असे जैन पट पर्युषणात खेळले जात. तसा पट मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा, सोंगटी ज्या घरावर येईल त्याचे नाव आजींनी मोठ्याने वाचावे आणि सापाने नेमके तिथून खाली का नेले हे मुलांना विचारावे. पाऊण तास सहज जातो. माझ्या बहिणीच्या घरी हे पाहिले आहे, आणि वादाला सर्वांत जास्त तोंड फुटले ते कोणता दुर्गुण मोठा या प्रश्नावर.

कॅरमचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. हाताच्या कौशल्याचा त्याच्या तोडीचा दुसरा घरगुती खेळ मला माहीत नाही. तोही स्पर्धेच्या नियमांनी खेळावा: राणी घेतल्यावर लगेच पुढच्या फटक्याला आपली सोंगटी घालून तिला कव्हर द्यायचे, नाही तर ती मध्यावर परत ठेवायची, बोर्ड जिंकणाऱ्याला प्रतिपक्षाच्या उरलेल्या सोंगट्यांइतके गुण आणि राणीचे तीन, पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा एक गेम. नुसते ‘ज्याच्या सोंगट्या आधी संपल्या तो जिंकला’ असे खेळले की राणीची सगळी चुरस निघून जाते.

सयाजीगंज (वडोदरा)

सवडीने सगळे वाचले. दोन खेळांची भर घालतो, त्यांतला एक कोजागिरीच्या रात्रीसाठी आणि एक त्यानंतरच्या महिन्यांसाठी.

त्या रात्रीसाठी नवकंकरी, जिला गुजराती मंडळी नवकांकरी म्हणतात. एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्यबिंदू जोडलेले, एकूण २४ बिंदू, दोघांच्या नऊ-नऊ खड्या. तीन खड्या एका रेषेत आल्या की प्रतिपक्षाची एक उचलायची. जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर आणि किल्ल्यांच्या फरशांवर हा पट कोरलेला आजही आढळतो. दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाला तर डाव बरोबरीत सुटतो, हे १९९३ साली संगणकाने सिद्ध झाले आहे, पण निर्दोष खेळणारा माणूस आपल्या बैठकीत येण्याची शक्यता नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबलेल्या दोन मुलांना हा पट खडूने काढून द्यावा.

नंतरसाठी देशी बुद्धिबळ. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते घरोघरी खेळले जात होते. त्यात किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे, नसतो, त्याऐवजी राजाला शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्याची अडीच घरांची चाल करता येते. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाते. शेवटच्या रांगेत पोहोचलेले प्यादे ज्या स्तंभात आहे त्याच स्तंभाचे मोहरे होते, म्हणजे प्रत्येक प्यादे वजीर होत नाही आणि कोणते प्यादे पुढे न्यायचे याला वेगळाच अर्थ येतो. डाव सावकाश उघडतो, म्हणून पाठ केलेल्या सुरुवातींचा उपयोग होत नाही आणि शिकवणीला जाणारी मुले व घरी शिकलेले आजोबा बरोबरीने बसू शकतात. पंजाबचे मीर सुलतान खान हे याच पद्धतीत वाढले होते; १९२९ साली ते इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी, आणि पुन्हा १९३२ व १९३३ साली, ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी पटकावले. प्याद्याने मात करणे या खेळात विशेष मानाचे समजतात. तो प्रयत्न एकदा तरी करून पाहावा.

गंजिफाही सुचवावा असे फार मनात होते. सावंतवाडीला आजही हाताने रंगवलेले दशावतारी गंजिफे बनतात. दहा रंगांची १२० गोल पाने, प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळल्यास रामाच्या राजाने आणि रात्री खेळल्यास कृष्णाच्या राजाने सुरुवात होते. हुकूम नसतो, निम्म्या रंगांत आकड्यांचा क्रम उलटा असतो, आणि गेलेली सगळी पाने ध्यानात ठेवावी लागतात. स्मरणशक्तीची अशी परीक्षा पाहणारा दुसरा पत्त्यांचा खेळ मी खेळलेलो नाही. पण एका रात्रीत तो शिकवणे अवघड आहे, म्हणून तिघा चिकाटीच्या माणसांनी आधी स्वतंत्र बसून तो हाताखाली घालावा आणि मग बैठकीत आणावा.

दांडियाबाजारकर (वडोदरा)

सर्वांच्या सूचनांवरून चार गटांची मांडणी ठरवली आहे: एका खोलीत सारीपाट, बैठकीच्या खोलीत मेंढीकोट व बदाम सात, मुलांकडे इस्टो आणि नवकंकरी, आणि मोठ्या मुलांना लिलावासह दीड तासाचा व्यापार. दर तासाने माणसे एका गटातून दुसऱ्या गटात जातील. ज्ञानचौपडीचा पट लिहायला घेतला आहे. तो दूध आटत असताना सर्वांनी मिळून खेळायचा.

रावपुरा निवासींना एक विचारायचे आहे. इस्टोत आमच्याकडे दोन घरांच्या दोन रीती निघाल्या. एका घरात चार किंवा आठ लागोपाठ कितीही वेळा पडले तरी दाने घेतात, दुसऱ्या घरात त्यावर मर्यादा आहे. आणि सोंगटी मारली तर पुन्हा खेळायला मिळते की नाही?

रावपुरा निवासी (वडोदरा)

सोंगटी मारली की पुन्हा एक दान मिळते, ही रीत बहुतेक ठिकाणी आहे आणि ती ठेवावी. त्यामुळे मारण्याचा धोका पत्करण्याला उत्तेजन मिळते. लागोपाठच्या दानांबाबत मी मर्यादा घालण्याच्या बाजूचा आहे. चार किंवा आठ सलग तिसऱ्यांदा पडले तर तिन्ही दाने जळतात आणि कवड्या पुढच्याकडे जातात, असा नियम ठेवावा. दोन मोठी दाने हाती आली असताना तिसऱ्यांदा कवड्या खुळखुळवणाऱ्याकडे मग सगळेच श्वास रोखून पाहतात. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्यावी: आतल्या रांगेत शिरण्यासाठी प्रत्येक खेळाडूने स्वतः एक सोंगटी मारायची, की भिडू लावून खेळत असल्यास दोघांपैकी एकाने मारली तरी पुरे. मुलांच्या गटात दुसरी रीत घ्यावी, म्हणजे एखादे लहान मूल शेवटपर्यंत बाहेरच्या रांगेतच फिरत राहणार नाही.